अठरा चांगला जाईल

त्या सकाळी प्रेमिलाला खाली ओपीडीत उतरावं लागलं ते निव्वळ ओमप्रकाशच्या दाढेमुळे. एरवी पेशंटांचं रक्त काढायचं काम ओमप्रकाशचं. तो खालून भरलेल्या ट्यूबा वर पाठवायचा आणि वरच्या प्रयोगशाळेत प्रेमिला त्या तपासायची. ट्यूबवर चिकटपट्टी, चिकटपट्टीवर नुसता नंबर. नाव नाही, वय नाही, बाई की माणूस तेही नाही. मोठ्या आतड्याच्या एका रोगावर संशोधन करणाऱ्या देशकर सरांचा तसा दंडकच होता. तपासणाऱ्याला पेशंट माहीत झाला की त्याचे डोळे यंत्राच्या काट्याला हवं तिथे उभं करतात, असं ते म्हणत, आणि एम. एस्सी. होऊन दोन वर्षांपूर्वी त्यांच्या हाताखाली लागलेल्या प्रेमिलाला ते पहिल्याच दिवशी मनापासून पटलं होतं. पण आज ओमप्रकाशचा गाल लिंबाएवढा सुजलेला. 'मॅडम, आज मेरेसे नहीं होगा,' तो गालावर रुमाल दाबून म्हणाला, 'सुई दुसरे को लगती और दाढ मेरी ठणकती.' म्हणून ती सिरिंजचा ट्रे घेऊन खाली गेली, बाकावरच्या पहिल्या दोघांचं रक्त काढलं, हातातल्या ट्यूबवरचा पुढचा नंबर वाचून 'अठरा' अशी हाक मारली, आणि उठून समोर आला तो तिचा नवरा.

चंद्रभान स्टुलावर बसला. शर्टाची बाही त्यानं आधीच वर गुंडाळून ठेवली होती. हात टेबलावर उताणा ठेवून त्यानं मूठ वळली, कुणी सांगायच्या आधी, सवयीच्या माणसासारखी. आणि मग तिच्याकडे बघून तो हसला. दचकला नाही, चोरी पकडली गेल्यासारखा ओशाळला नाही. बसमध्ये अचानक ओळखीचं कुणी भेटावं, तसा हसला. तिच्या मागे रांग होती, बाजूला एक म्हातारी नातवाला दटावत होती, सिस्टर कुणाला तरी कार्ड मागत होती. प्रेमिलानं रबराची नळी त्याच्या दंडाला बांधली. शीर ठसठशीत वर आली. हा हात ती ओळखत होती. कोपराच्या आत, सुई जिथे जाते तिथे, बारीक काळसर ठिपके होते, आणि ते तिनं घरी कितीदा पाहिले होते. डासांचे असतील असं ती धरून चालली होती. ते राहत त्या कोराडीत डास फार. तिनं सुई आत सारली. रक्त सिरिंजमध्ये संथ चढलं. कापूस दाबून तिनं त्याचा हात कोपरात मिटवला, जसा कुणाचाही मिटवला असता, आणि पुढच्या नंबराला हाक मारली. त्याच्यानंतरच्या माणसाचा चेहरा तिला पुढे कधीच आठवला नाही.

वर आल्यावर तिनं खिडक्या उघडल्या. फाल्गुन लागला होता, पण दहा वाजताच भिंती तापायला लागल्या होत्या. रक्त गोठून वरचं पिवळं सीरम सुटं व्हायला वेळ लागतो, तोवर टेबल पुसायचं, पिपेट धुवायचे. सकाळी निघताना तो म्हणाला होता, 'आज सुटी आहे माही, सदरले काम आहे थोडं.' सदरला. खोटंही नव्हतं, दवाखान्यातून तो पुढे सदरच्या बाजारात गेलाही असेल. तो पुडीतून काढून घेई त्या पोटाच्या गोळ्यांचं तिनं एकदा विचारलं होतं, लग्नानंतर लगेचच, तर तो म्हणाला होता, 'हाय ना तेच आपलं जुनं,' आणि पुढे बोलणंच संपलं होतं. जुनं म्हणजे काय ते तिनं विचारलं नाही. तिच्या माहेरी वडिलांना, बापूजींनाही जुनं आम्लपित्त होतं, त्यामुळे जुनं म्हणजे आम्लपित्त असंच तिच्या डोक्यात बसलं. आता मात्र तिचं डोकं आपोआप, तिला न विचारता, एकेक गोष्ट उचलून उजेडात धरायला लागलं. सिनेमाला गेले की तो कडेचीच खुर्ची घ्यायचा. कुणाकडे पहिल्यांदा गेला की हात धुवायच्या निमित्तानं आधी मोरीपर्यंत जाऊन यायचा. गावाकडच्या लग्नांना दांडी मारायचा. पहाटे संडासात गेला की बादलीत नळ सोडून ठेवायचा, इतका वेळ की तिला वाटायचं, माणूस स्वच्छतेचा किती भोक्ता आहे. मोठ्या आतड्याच्या या रोगाची लक्षणं तिला तोंडपाठ होती. आतड्याला आतून सूज येते, व्रण पडतात, शौचातून रक्त जातं, वजन उतरतं. मग औषधानं म्हणा की आपोआप म्हणा, सगळं शांत होतं, माणूस महिनोन्महिने तुमच्याआमच्यासारखा जगतो, आणि एक दिवस पुन्हा उसळी. ही सगळी माहिती तिनं इंग्रजीत वाचली होती, टिपणं काढून वाचली होती, आणि संध्याकाळी घरी गेल्यावर तीच माहिती चालती-बोलती समोर बसून वरणभात खात होती तेव्हा तिला काही दिसलं नव्हतं.

सीरम निघालं. अठराचं सीरम इतर कुणाच्याही सीरमसारखंच होतं. तिनं त्यात आम्ल टाकलं. दूध नासावं तसं ते पांढरं फाटलं. रक्तातली बहुतेक सगळी प्रथिनं या आम्लात अशी गोळा होऊन खाली बसतात. एक जात तेवढी बसत नाही, विरघळलेलीच राहते. सीरोम्यूकॉइड तिचं नाव. शरीरात कुठे आत सूज धुमसत असली की हे प्रथिन रक्तात वाढतं, वरून माणूस कितीही धडधाकट दिसो. देशकर सरांच्या संशोधनाचा सगळा डोलारा यावर उभा होता: शांत दिसणाऱ्या पेशंटांपैकी कुणाचा रोग उसळणार आणि कुणाचा नाही, हे पेशंटला कळायच्या आधी, डॉक्टरला कळायच्या आधी, रक्ताला कळतं का. जोडीला ईएसआर असे, म्हणजे उभ्या काचेच्या नळीत तांबड्या पेशी किती भरभर खाली बसतात ते. पण ईएसआर सर्दीपडशानंही वाढतो, बाईच्या पाळीनंही हलतो, त्याच्यावर सरांचा फारसा जीव नव्हता. जीव होता तो या न फाटणाऱ्या प्रथिनावर. प्रेमिलानं गाळलं, पुढची द्रव्यं टाकली, ट्यूबेत हळूहळू निळा रंग चढला. रंग जितका गडद तितकं प्रथिन जास्त. तिला रंग मोजणाऱ्या कलरीमीटरची गरजच नव्हती. अठराचा रंग शेजारच्या सगळ्या ट्यूबांहून गडद होता. तरी तिनं काटा पाहिला. मग नवी द्रव्यं घेऊन पुन्हा सगळं पहिल्यापासून केलं, आणि काटा पुन्हा तिथेच जाऊन उभा राहिला.

अठरा. हा नंबर तिचा लाडका होता. पहिल्या वर्षात सगळ्यांचे आकडे वरखाली होत असताना अठराचा तेवढा सरळ, तळाशी, कॅलेंडरच्या रेघेसारखा जायचा. एकटं काम करणाऱ्याला अशी एखादी वस्तू लागते. काही बिघडलं, एखादी द्रव्याची बाटली जुनी निघाली, तर ती आधी अठराचा आकडा बघायची. तो जागेवर असला म्हणजे पद्धत शाबूत आहे असं समजायची. मागच्या उन्हाळ्याच्या तोंडाशी एकदा सर दुपारी वर आले होते. चहा मागवला, स्टूल ओढून बसले. त्यांचा आवाज मऊ, बोलणं सावकाश. विद्यार्थ्याला ते कधी टाकून बोलत नसत. 'प्रेमिला,' ते म्हणाले होते, 'या सगळ्यांपैकी एकावर पैज लावायची तर कुणावर लावशील?' ती म्हणाली, 'अठरावर, सर.' 'का गं?' 'वर्षभर हललाच नाही. अठरा चांगला जाईल.' 'खात्री आहे?' आणि त्यावर ती, सर मोकळे बोलत होते म्हणून, थोडी शिष्टपणानं म्हणाली होती, 'रक्ताची खात्री देते, सर. माणूस कसा आहे ते मला काय माहीत.' सर मोठ्यानं हसले होते. 'माणूस मला माहीत आहे,' ते म्हणाले होते. आणि त्याच महिन्यात ते स्वतः रिक्षा करून प्रताप नगरला तिच्या घरी आले, बापूजींजवळ बसले, आणि म्हणाले, माझ्या माहितीतला एक मुलगा आहे, तुमच्याच समाजातला, कोराडीला वीज केंद्रात कंट्रोल रूममध्ये आहे, काटोलकडे शेती आहे. दवाखान्यातले एवढे मोठे डॉक्टर पोरीसाठी स्थळ घेऊन घरी येतात याचा बापूजींना इतका आनंद झाला होता, की त्यांनी सरांना निघताना उंबऱ्यापर्यंत नाही, कोपऱ्यापर्यंत पोचवलं.

ओमप्रकाश दाढेवर लवंग धरून वर आला. 'सब का निकाला मॅडम? कोई चक्कर खाके गिरा तो नहीं?' तिनं नाही म्हटलं. मग ट्यूबा विसळता विसळता तिनं सहज विचारल्यासारखं विचारलं, 'अठरा नंबर नेहमी येतो का रे?' 'वो कोराडीवाला?' ओमप्रकाश गालातल्या गालात बोलला. 'बहुत शरीफ आदमी. बाकी सब सुई देखके मुंह फेरते, वो पूछता, ऊपर मॅडमच करती हैं ना टेस्ट? मैंने बोला, हां भाई, मॅडमच करती हैं, तेरे को क्या फरक पडता?' प्रेमिलाच्या हातातली ट्यूब बेसिनवर आपटली, पण फुटली नाही. म्हणजे तो दर वेळी खात्री करून घेत होता. वर ती आहे, खाली येत नाही, आपण सापडणार नाही. आणि आज सापडला तर हसला. निर्लज्जपणा इतका शांत असू शकतो हे तिला माहीत नव्हतं. तिला एकदम आठवलं, लग्नानंतरच्या पहिल्या आठवड्यात तिनं वरण केलं होतं, आईकडे करतात तसं, बापूजींच्या आम्लपित्तामुळे त्यांच्या घरी मिरचीचा हात नेहमीच आखडता, आणि चंद्रभाननं पहिला घास घेऊन तिच्याकडे असं पाहिलं होतं, की तिला लाजल्यासारखं झालं होतं. त्या नजरेवर तिनं किती दिवस काढले होते. त्या नजरेत काय होतं मग? सुटलो, हिला संशय नाही, हे?

सर खोलीत एकटेच होते. भोसल्यांच्या काळापासून नागपुरात रुजलेल्या घरातला तो मवाळ, नीटनेटका माणूस. टेबलावर कागद ठेवला तर कडेला समांतर ठेवणारा. प्रेमिलानं दार लोटून घेतलं. 'सर, अठरा नंबर कोण आहे ते मला आज कळलं.' सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. 'कधीतरी कळणारच होतं,' ते म्हणाले. 'बस.' ती बसली नाही. 'तुम्ही मला सांगितलं नाही.' 'सांगितलं नाही, पण विचारलं होतं,' सर म्हणाले. 'तुलाच विचारलं होतं ना मी? आठवतं? चांगला जाईल म्हणालीस.' 'मी पेशंटबद्दल बोलले होते, सर.' 'मग मी दुसऱ्या कुणाबद्दल विचारत होतो?' आणि हे त्यांनी वाद जिंकण्यासाठी म्हटलं नव्हतं. गणितातली पायरी दाखवावी तसं म्हटलं. 'हे बघ, नाव सांगितलं असतं, रोग सांगितला असता, तर तू आणि तुझे वडील रोगाला नाही म्हणाला असता. माणसाला नव्हे. मी मुलगा ओळखत होतो. त्याचं पुढे काय होईल याचा या शहरात सगळ्यात चांगला अंदाज कुणाला होता? तुला. तुझा निःपक्ष अंदाज घेतला आणि मग पाऊल टाकलं. मुलीच्या बापानं याहून जास्त काय केलं असतं?' 'बापूजींना ठाऊक आहे?' 'पोटाची तक्रार असते म्हणून सांगितलं होतं. ते म्हणाले, पोटाची कोणाले नसते.' बापूजींचं वाक्य सरांच्या तोंडून बापूजींच्याच बोलीत आलं, थोडं कौतुकानं, आणि आपल्या घरातली एखादी वस्तू परक्याच्या बैठकीत मांडून ठेवलेली दिसावी, तसं प्रेमिलाला वाटलं.

'आज अठराचा आकडा वर गेला आहे,' ती म्हणाली. आपण हे का सांगतो आहोत ते तिला कळलं नाही. बहुधा रोज सांगत होती म्हणून. सर एकदम पुढे झुकले. त्यांच्या चेहऱ्यावर काळजी आली, पण तिच्या आधी दुसरं काहीतरी येऊन गेलं, आणि ते तिनं पाहिलं, कारण गेली दोन वर्षं चांगला आकडा आला की ते तिच्याही चेहऱ्यावर येत असे. 'नक्की? पुन्हा केलंस? आणि तो बरा आहे? त्रास काही नाही?' 'दिसत तर नाही.' 'बाहेरून शांत आणि आत वर,' सर स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले. 'अशीच केस आपल्याला हवी होती. प्रेमिला, आता नीट ऐक. घरी बोलू नकोस. त्याला कळलं तर तो घाबरून गोळ्या वाढवील, आणि मग रोग उसळणार होता की नव्हता हे आपल्याला कधीच कळणार नाही. थोडे आठवडे. उसळलाच तर मी आहे ना. लगेच औषध सुरू करू, एक दिवस उशीर होऊ देणार नाही.' त्यांनी तिच्याकडे बघितलं ते आपल्या मुलीकडे बघितल्यासारखं मायेनं. 'तू शास्त्राची विद्यार्थिनी आहेस,' ते म्हणाले.

दवाखान्यातून बाहेर पडून ती सदरला आली तेव्हा ऊन उतरायला लागलं होतं. दुकानांपुढे पाणी शिंपडत होते. इथून दोन बसा निघत, एक प्रताप नगरकडची, एक कोराडीची. प्रताप नगरची आधी लागली. ती पायरीपर्यंत गेली. घरी जायचं, आई पोळपाट सोडून बाहेर येईल, बापूजी म्हणतील काय झालं वं, आणि आपण म्हणायचं, तुम्ही पोटाची कोणाले नसते म्हटलं होतं ना. पण त्यापुढचं वाक्य तिला जुळवता येईना. बापूजी फसले होते की त्यांनी फसून घेतलं होतं? पोरगी शिकलेली, वय वाढत चाललेलं, डॉक्टर स्वतः दारी आलेले. जास्त विचारलं तर स्थळ हातचं जाईल, ही भीती त्या विनोदाच्या आत होती की नव्हती, याची काही तपासणी नव्हती. कंडक्टर म्हणाला, 'बाई, चढता का उतरता?' ती मागे सरली. कोराडीच्या बसमध्ये खिडकीशी बसल्यावर तिला वाटलं, राग कुणावर धरावा हे ठरत नाही म्हणून आपण नुसतं नेहमीच्या बसमध्ये बसलो. सरांवर धरावा तर ते तिचंच वाक्य पुढे करत होते. ते वाक्य तिच्या अंगाला घामासारखं चिकटलं होतं. चांगला जाईल. आयुष्यात तिनं दिलेला सगळ्यात मोठा होकार तिनं चहा पिता पिता, पाय हलवत, एका चिकटपट्टीला देऊन टाकला होता, आणि मग रीतसर साडी नेसून, पाटावर बसून, दिला तो नुसता उपचार होता. तोवर सगळं ठरून गेलेलं होतं. खिडकीतून कोळशाचे ट्रक मागे पडत होते. चंद्रभानवर धरायला मात्र हरकत नव्हती. तो सरळ होता, तो राग. सर्व जगाला आपलं रक्त दाखवून फक्त बायकोपासून चोरणारा माणूस. त्याचा तो हसरा चेहरा तिनं पूर्ण रस्ताभर मनात धरून ठेवला, राग निवू दिला नाही.

कॉलनीत शिरलं की झाडांचा हिरवा रंग एक छटा उतरतो. पानांवर वीज केंद्राची राख असते. चंद्रभान क्वार्टरच्या मागच्या अंगणात दोरीवरचे कपडे झटकून झटकून काढत होता. इथे वाळलेला कपडा झटकल्याशिवाय कुणी घरात नेत नाही. 'आली का वं?' तो म्हणाला. 'आज लवकर सोडलं सरांनी?' ती चौकटीशी उभी राहिली. तो हातावर कपड्यांचा ढीग घेऊन आला, आणि तिच्या अगदी जवळ थांबून, आवाज थोडा खाली करून म्हणाला, 'टोचलं मस्त तू. समजलंही नाही. त्या ओमप्रकाशचा हात म्हणजे खिळा ठोकून राहिला जसा.'

'तुम्हाले हसू कसं आलं?' ती म्हणाली. घरी आली की तिची भाषा आपोआप बदलायची. आज तिला तेही नकोसं झालं. 'मी समोर उभी, हातात सुई, आन् तुम्ही हसून राहिले.'

'मंग काय करू? रडू?' तो अजून हसतच होता. मग तिचा चेहरा पाहून त्यानं कपडे खाटेवर ठेवले. 'रागावली का? सर म्हणाले होते, समोरासमोर नको म्हणून. पण आता आलीच तू, तर मले बरंच वाटलं. खरं सांगतो. म्हटलं, आता दोघांनाही चोरून वागाले नको.' तो खाटेच्या कडेला बसला. हातानं मांडीवरची नसलेली राख झटकत तो बोलायला लागला, आणि बोलताना तिच्याकडे बघेना. 'लग्नाच्या आधी मी सरांले साफ म्हटलं होतं, पोरीले सांगतल्याशिवाय मी बोहल्यावर उभा राहणार नाही. असं बिमारीचं लपवून मले नाही जमत. तर सर म्हणाले, तिले सगळं ठाऊक आहे. वर्षभर तुझंच रक्त ती तपासून राहिली. तीच म्हणाली का हा चांगला जाईल. मी म्हटलं, असं म्हणाली? म्हणाले, तिच्याच तोंडून ऐकलं. मी घरी गेलो आन् जेवलोच नाही त्या दिवशी. म्हटलं, अशीही पोरगी असते.'

प्रेमिला चौकटीला टेकली.

'मंग सर म्हणाले, घरी हा विषय काढू नको गा. ती दिवसभर तेच करते, घरी तरी तिले मोकळं राहू दे. म्हणून मी कधी तोंड उघडलं नाही. पण समजत होतं मले. तू पहिल्या दिवसापासून वरण फिकं केलं. मावशीच्या पोराच्या लग्नाले मी नाही म्हटलं, तू काहून म्हणूनही विचारलं नाही. पहाटे मी कितीही वेळ लावला तरी कधी दार नाही वाजवलं. एका शब्दानं नाही बोलली. मी त्या ओमप्रकाशले दर वेळी विचारतो, वर मॅडमच करते ना. मले बरं वाटते तेवढंच. म्हटलं, आपलं रक्त आपल्या माणसाच्या हातात आहे.'

सबंध रस्ताभर जपत आणलेला तो राग तिच्या हातून कधी निसटला ते तिला कळलं नाही. त्याच्या जागी काही आलं मात्र नाही. समोर बसलेला हा माणूस वर्षभर एका बाईबरोबर राहत होता. ती बाई सगळं जाणून होकार देणारी, विचारपूर्वक मिरची कमी करणारी, पहाटे मुद्दाम दार न वाजवणारी. प्रेमिलाला ती बाई अनोळखी होती. ती नुसती झोपलेली असायची पहाटे. मावशीच्या पोराच्या लग्नाचं तर तिलाही जायचं नव्हतं. सरांनी एकाच वाक्यातून दोन माणसांना दोन वेगवेगळ्या गोष्टी विकल्या होत्या, आणि ते वाक्य दोन्ही वेळा तिचंच होतं. आता नुसतं गप्प राहिलं तरी चालणार होतं. ती बाई व्हायला काहीच लागणार नव्हतं. आजपासून सगळं ठाऊक होतंच, फक्त तारीख मागे सरकवायची. सरांनी तरी दुसरं काय केलं होतं?

'आजचा आकडा वर गेला आहे,' ती म्हणाली. 'पुष्कळ. दोनदा केलं मी. तुम्हाले आज बरं वाटते, पण काही आठवड्यांत उसळेल बहुतेक. गोळ्या आत्तापासून वाढवाव्या लागतील. दुसऱ्या डॉक्टरले दाखवू आपण.'

त्यानं ते शांतपणे ऐकलं. रोगाची सवय असलेली माणसं अशी बातमी ऐकताना आधी पोटावर हात नेतात. त्यानं नेला, आणि काढून घेतला. 'सर काय म्हणाले?'

'सर म्हणाले, त्याले सांगू नको. रोग उसळतो का पाहू म्हणाले.'

बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. मग त्यानं वर पाहिलं आणि त्याच्या चेहऱ्यावर पुन्हा ती नजर होती, वरणाच्या पहिल्या घासाची. 'आन् तू सांगून राहिली,' तो म्हणाला. 'सरांच्या पुढे जाऊन. पाह्य, हेच म्हणून राहिलो मी मघापासून.'

ही नजर तिला हवी होती. आजवर कुणी तिच्याकडे असं पाहिलं नव्हतं, आणि पुढे कुणी पाहणार नव्हतं, हे तिला स्पष्ट दिसत होतं. पण ती तिच्याकडे नव्हतीच. तिच्या थोडी मागे, त्या दुसऱ्या बाईकडे होती.

'मले माहीत नव्हतं,' प्रेमिला म्हणाली.

'काय?'

'काहीच. अठरा नंबर तुम्ही आहात, हे मले आज सकाळी समजलं. बाकावरून उठले तेव्हा. सरांनी मले नंबर विचारला होता, नाव नाही. मी नंबराले चांगलं म्हटलं होतं. वरण आमच्या घरी तसंच करतात.'

तो खाटेवरून उठला नाही. झटकून आणलेला एक टॉवेल त्यानं उचलला, घडी केली, ती सोडली, पुन्हा केली. त्याचा चेहरा रागावला नव्हता. तो नुसता मागे जात होता, वर्षभराच्या एकेका दिवशी थांबून तिथली एकेक वस्तू तपासून बघत होता, जशी ती सकाळपासून बघत होती, आणि आपण त्याला कुठे नेऊन सोडलं हे तिला पुरतं कळत होतं.

'तुम्हाले कोणीच सांगतलं नव्हतं?' त्यानं विचारलं.

तिनं नाही अशी मान हलवली.

'मंग तुम्ही हो काहून म्हटलं?'

लग्न झाल्यापासून तो तिला कधी तुम्ही म्हणाला नव्हता. त्याच्या ते लक्षातही आलं नसावं. दवाखान्याच्या बाकावर शेजारी येऊन बसलेल्या परक्या बाईला विचारावं तसं त्यानं विचारलं होतं, अदबीनं, आणि तो उत्तराची वाट बघत होता. उत्तर तिच्याजवळ होतं, आणि अगदी साधं होतं. तो बघायला आला होता त्या दिवशी बापूजींनी विचारलेल्या प्रत्येक प्रश्नावर, अगदी चहा घेणार का यावरसुद्धा, तो थोडा थांबून, खरोखर विचार करून बोलला होता, आणि आतल्या खोलीत पडद्याआड उभ्या असलेल्या प्रेमिलाला तो आवडला होता. एवढंच. पण हे आता सांगितलं तर त्यानं ते कशाच्या आधारावर खरं मानावं, ते तिला काही केल्या सांगता येईना.